निम्मी चंदी

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसे राज्य होते. तिथल्या राजाने खर्च वाचवायला स्वतःची पागा मोडली आणि दवंडी पिटवली, की यापुढे जासुदांनी आपापल्या घोड्यावरून निरोप पोचवावेत. घोड्याची चंदी कोठारातून मिळेल.

एका जासुदाकडे तांबडी घोडी होती. शिंगरू असल्यापासून त्याने तिला वाढवले होते. घरात मूलबाळ नव्हते, त्यामुळे नवराबायकोचा सारा जीव तिच्यातच. पहिल्या खेपेनंतर तो कोठारावर गेला, तर कारभाऱ्याने चंदीचे हरभरे निम्मेच दिले.

"सरकार, बाकीचे?"

"जाताना तू राजाच्या कामाला गेलास," कारभारी म्हणाला. "येताना तू आपल्या घरी आलास. तुझ्या घरी येण्याची चंदी आम्ही का द्यावी?"

काय ती हुशारी! राजाने खूश होऊन कारभाऱ्याला शेला दिला. इकडे जासुदाची बायको आपल्या ताटातली भाकरी घोडीला घालू लागली.

"अहो, घोडीचे हाल राजाच्या कानावर तरी घाला," ती म्हणायची.

"घालतो," तो म्हणायचा आणि पुढच्या खेपेला निघायचा. घोडीच्या बरगड्या दिसू लागल्या.

अशातच युवराज तापाने फणफणला. औषध होते घाटापलीकडच्या वैद्याकडे. राजा अनवाणीच जासुदाच्या दारी आला. "बाबा रे, माझं एकुलतं एक लेकरू आहे. लवकर जा!"

घोडीत त्राण नाही हे जासुदाला दिसत होते, पण नाही कसे म्हणणार? ती बिचारी घाट चढून गेलीसुद्धा. औषध घेऊन परतताना मात्र ती मटकन खाली बसली. त्याने तिला चुचकारले, हात जोडले. ती उठेना. तिचा श्वास चालू होता, तरी तिला तशीच टाकून तो रडत पायी धावत सुटला.

तो पोचला तेव्हा युवराजाने प्राण सोडला होता आणि वाड्यात आकांत चालला होता.

"घोडी असून चालत आलास?" राजा ओरडला.

"येण्यापुरतं तिच्या पोटात काही नव्हतं, महाराज."

राजाने कारभाऱ्याकडे पाहिले. जासूद औषध तिथेच ठेवून घाटाकडे परतला, तेव्हा घोडीवर गिधाडे उतरली होती.

तात्पर्य : जो दुसऱ्याच्या साधनावर आपले काम करून घेतो आणि त्याची झीज भरून देत नाही, त्याचे काम ऐन गरजेच्या वेळी अर्ध्या वाटेत राहते.