फुकटच्या जागेची परीक्षा

एकदा एका शिष्याला आपल्या धाकट्या गुरुबंधूचा मत्सर वाटू लागला.

दोघेही एका वृद्ध आचार्यांकडे मोडी लिपी शिकत. धाकट्याने मोडीचे धडे संकेतस्थळावर ठेवले होते, तेही एका विनामूल्य सेवेवर, आणि तिथल्याच ईमेलवर त्याला दूरदूरच्या वाचकांची पत्रे येत. आचार्य ती मोठ्याने वाचायला लावत. थोरला समोर बसून बोरू तासत राही. गरज नसतानाही तासत राही.

वास्तविक त्याच्याकडे धाकट्यापेक्षा कितीतरी अधिक धडे होते. वर्षानुवर्षे खपून केलेले, सुबक, पण जुन्या संगणकात पडून. त्याने घाईघाईने एक सेवा शोधली. जागा भरपूर, सोबत ईमेल, सारे फुकट.

"आचार्य, त्याच्या दसपट जागा मिळतेय मला! आजच सगळे धडे तिकडे हलवतो आणि हा संगणक रिकामा करून टाकतो."

"उत्तम," आचार्य म्हणाले. "पण आज एकच धडा ठेव."

त्याने ठेवला. पान झळकले. तो ते कौतुकाने दाखवायला वळतो तोच आचार्य म्हणाले, "छान. आता तो परत घे आणि खातं बंद कर."

थोरल्याचा चेहरा उतरला. "त्याची पत्रं वाचायची, आणि माझं एक पानसुद्धा डोळ्यांत खुपतं होय?"

"आधी परत तर घे."

तो धुमसत बसला. पान चढवायला क्षण पुरला होता. उतरवून घ्यायची सोय मात्र कुठे दिसेना. खाते बंद करायला जावे तर पुढे जाहिरातच उघडे. मदतीच्या पत्त्यावर त्याने तीनदा लिहिले, कोणी उत्तर दिले नाही. आणि एका सकाळी ते स्थळ उघडलेच नाही. तिथला धडा गेला, ईमेलही गेला. थोरल्याने नकळत आपल्या जुन्या संगणकावर हात ठेवला.

आचार्य शांतपणे म्हणाले, "फुकट देणारा उद्या थांबला, तर त्याला जाब विचारता येत नाही. म्हणून तिथे बिऱ्हाड मांडण्याआधी निघून पाहावं. सामान परत मिळतं का, हाक मारली तर कोणी ओ देतं का, आणि आपली एक प्रत घरी आहे का. तू फक्त जागा पाहिलीस, कारण तुला त्याच्याहून मोठी हवी होती. त्यालाही मी हेच करायला लावलं होतं. तुला दिसली ती त्याची शेवटची जागा."

त्या दुपारी थोरला धाकट्यापाशी जाऊन उभा राहिला.

"तुझी किती ठिकाणं फसली रे?"

"चार," धाकटा हसला. "दुसऱ्या वेळी तर रडलो, दादा. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही हसला असता."

"हसलो असतो," थोरला म्हणाला, आणि त्याने शेजारची खुर्ची ओढली. "सरक जरा. पाचवी कशी निवडलीस ते दाखव."