बोटभरसुद्धा नाही

“म्हणजे यकृत हाताला लागतच नाही, असं म्हणतोस?”

“नाही सर. बोटभरसुद्धा नाही.”

वॉर्डातली खुसपूस थांबली. पुंडे सर एकच गोष्ट दोनदा विचारत नसत. विचारली, तर समजावं की पुढे खड्डा आहे. पण घोटगे परीक्षेत पहिला आलेला. पहिल्या आलेल्यांना खड्डे दिसत नाहीत, त्यांची मान वर असते.

कॉटवर सकवारबाई पडल्या होत्या. आठवडाभर ताप, उजव्या कुशीत दुखणं. घोटगेचं निदान: साधा ताप आणि कुशीत लचक. सरांनी मान डोलावली की बाई दुपारच्या एस.टी.नं घरी जायच्या. पिशवी भरून उशाशी तयार होती.

“यकृत सांग.”

झालं, घोडा चौखूर सुटला.

“वजन दीड किलोच्या आसपास. उजवा खंड मोठा, डावा लहान. रक्त दोन वाटांनी येतं, थोडं धमनीतून, बरंचसं आतड्यांकडच्या शिरेतून. आजार म्हणाल तर कावीळ, चरबी साठणं, दारूनं आकसणं, आत पू होणं...”

“हे पुस्तकातलं झालं. बाईंचं सांग.”

“बाई पोट घट्ट धरतात, सर! सैल सोडा, सैल सोडा म्हणून माझा घसा बसला.”

“सैलच हाय की रं बाळा,” सकवारबाई कण्हत म्हणाल्या. “आता काय काढून हातात देऊ?”

मागच्या विद्यार्थ्यांत कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी वळून पाहिलं. हसू जागीच विझलं.

“दाखव.”

घोटगेनं उजव्या बरगडीखाली हात ठेवून दाबला. फळीसारखं घट्ट. बाईंनी ओठ चावला.

“बघा सर, परत धरलं!”



सरांनी घोटगेचं मनगट धरलं. हात उचलून खाली नेला, बेंबीच्याही खाली, उजव्या जांघेच्या वर टेकवला.

घोटगेचे कान तापले. यकृत इथं? म्हातारा निवृत्तीला टेकलाय, चळला बहुतेक!

“सर, एवढ्या खाली...”

“बाई, मोठा श्वास घ्या.”

बोटाखाली मऊ. काही नाही. घोटगेच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू फुटलं.

सरांनी हात जरासा वर सरकवला. श्वास. मऊ.

आणखी वर. मऊ... पोट अगदी लोण्यासारखं सैल होतं. ते हसू आता थोडं थबकलं.

बेंबीपाशी हात आला.

“श्वास घ्या.”

वरून काहीतरी उतरलं आणि त्याच्या बोटावर येऊन आदळलं. जाड, गोल, गरम कड. सकवारबाई कळवळल्या.

घोटगेनं हात काढला नाही. काढताच येईना. त्या कडेपासून थेट बरगडीपर्यंत तीच मघाची फळी होती.

“सिस्टर,” सर हलक्या आवाजात म्हणाले, “सोनोग्राफीला सांगा. आत्ता. आणि ती पिशवी कॉटखाली ठेवा.”

ट्रॉली आली. बाईंना नेलं. मोकळ्या कॉटशी घोटगे आपला तळहात बघत उभा राहिला.

“सर... मघाशी हे कुठं होतं?”

पुंडे सर पुढच्या कॉटकडे निघाले होते. न वळताच म्हणाले,

“तुझ्या हाताखाली.”