पैलगावच्या पाटलीणबाईंनी मागितलेली दोन माणसं

नद्यांवर अजून पूल नव्हते आणि उन्हाळ्यात माणसं वाळूतूनच या काठावरून त्या काठावर जात, त्या फार जुन्या काळी एका नदीच्या दोन तीरांवर दोन गावं होती. एक ऐलगाव, दुसरं पैलगाव. नदीवर बंधारा एकच होता. उन्हाळा लागला की त्याचं पाणी दोन्ही पाटांना एकदम पुरत नसे. पहिला महिनाभर एका गावाला, मग दुसऱ्या गावाला, असं ते द्यावं लागे. पहिलं पाणी ज्याला मिळे त्याचे मळे तरत. दुसऱ्याचे अर्धे करपून जात.

या पाण्यावरून पूर्वी डोकी फुटत. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्यांनी एक तोड काढली. पाण्याचा निकाल काठीने लावायचा नाही, खेळाने लावायचा. चैत्रात नदीची वाळू उघडी पडली की तिच्यावर दोन टोकांना दोन उंच खांब रोवायचे आणि प्रत्येकावर बिनबुडाची वेताची टोपली बांधायची. चिंध्यांवर काथ्या गुंडाळून चेंडू करायचा. दोन्हीकडून पाच पाच गडी उतरायचे. वेळ मोजायचं भोकाचं घटिकापात्र पाण्यात चार वेळा बुडेपर्यंत ज्यांचा चेंडू समोरच्या टोपलीतून जास्त वेळा पडेल, त्यांचं पहिलं पाणी.

ऐलगावात हैबती नावाचा एक गडी होता. पोफळीसारखा सरळ, उंच, आणि हाताचा असा नेमका की चेंडू त्याच्या बोटांतून सुटला की लोक टोपलीकडे बघायच्या आधीच ओरडायला लागत. त्याच्या जोरावर ऐलगावाने सलग पाच वर्षं पहिलं पाणी आणलं. बायका त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकत. लहान पोरं भोपळ्याची वेल चढवलेल्या मांडवावर दगड फेकून हैबतीची नक्कल करत आणि मार खात. हैबती स्वभावाने वाईट नव्हता. पण पाच वर्षं सगळं गाव एकच गोष्ट सांगत असलं, तर ती खरी मानायला माणसाला फार वेळ लागत नाही.

त्याच्याबरोबर आणखी चौघं खेळत. सटवाजी तेली, अंगाने जाड आणि चालीने मंद. बिरा धनगर, बुटका, सदा पळत असलेला. नामा कुंभार आणि भिवा नावाडी. पाच वर्षांत या चौघांनी मिळून जेमतेम दहा वेळा चेंडू टोपलीत टाकला असेल. जिंकल्यावर गाव हैबतीला खांद्यावर घेई. हे चौघं खांब उपटत, टोपल्या सोडवत आणि मागाहून घरी येत.

पाचव्या विजयानंतर पावसाळा सरला, आणि पैलगावच्या पाटलीणबाई ऐलगावात आल्या. नवऱ्याच्या मागे गावाचा कारभार त्याच बघत. साठीच्या होत्या, बोलायला मवाळ आणि बघायला तीक्ष्ण. चावडीवर घोंगडी अंथरली गेली. त्या काय मागणार याची कुजबूज आधीच झाली होती. त्या हैबतीला मागणार आणि ऐलगाव नाही म्हणणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

गूळपाणी झाल्यावर पाटलीणबाई म्हणाल्या, "आमचा तेली गेल्या साली वारला. करडई घेऊन आमच्या बायकांना दर वेळी नदी ओलांडावी लागते. तुमच्याकडे तेल्याची दोन घरं आहेत. सटवाजीचं घर आम्हांला द्या. घाण्याला जागा देऊ, राहायला घर देऊ. आणि आमचा माळ मोकळा पडलाय. तुमच्या बिराला त्याची मेंढरं घेऊन येऊ द्या. चराई माफ."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "पाटलीणबाई, जो ज्या गावात राहील तो त्या गावाकडून खेळेल, असा नेम आहे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," पाटलीणबाई म्हणाल्या.

"आणि मागताय सटवाजीला?"

"सटवाजीला आणि बिराला."

आता हसू सगळ्यांनाच आवरेना. गावाच्या पाटलांनी हैबतीकडे पाहिलं. "तू सांग बाबा. खेळ तुझा आहे."

सटवाजी खांबाला टेकून उभा होता. बिरा उंबऱ्याशी बसला होता. दोघंही हैबतीच्या तोंडाकडे बघत होते.

हैबती म्हणाला, "जाऊ द्या की. त्यांचं भलं होतंय. माझ्या हातात चेंडू आला म्हणजे आपल्याला पुरे."

सटवाजीने मान खाली घातली आणि डोक्याचं मुंडासं सारखं केलं. आठवड्याभरात त्याचा घाणा चार बैलांनी नदीपार गेला आणि बिराची मेंढरं माळावर चढली.

त्यांच्या जागी ऐलगावाने दोन तरणेबांड पैलवान घेतले. दोघंही सटवाजीपेक्षा ताकदवान आणि बिरापेक्षा उंच. सगळ्यांना वाटलं, सौदा फायद्याचा झाला.

चैत्र आला. वाळूवर खांब रोवले गेले. दोन्ही काठ माणसांनी फुलून गेले.

पहिल्याच घटकेत हैबतीला चेंडू मिळाला. तो वळला, हात वर नेला, आणि समोर एक पंजा आला. असं कधी होत नसे. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कोणाचा तरी श्वास त्याच्या मानेवर. चेंडू टोपलीच्या काठाला लागून खाली पडला. पूर्वी असा पडलेला चेंडू कसा कोण जाणे दोन पावलांत परत त्याच्या हातात येई. आज तो बिराने उचलला आणि पैलगावच्या साळ्याकडे टाकला.

हा साळी साधा गडी. पाच वर्षांत कोणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. पण सटवाजी त्याच्या पुढे जाऊन नुसता उभा राहिला. ऐलगावचा एक पैलवान सटवाजीवर आपटून थांबला. साळ्याने शांतपणे निशाणा धरला आणि चेंडू टोपलीतून पाडला. मग पुन्हा. मग आणखी एकदा.

चौथ्यांदा घटिकापात्र बुडालं तेव्हा ऐलगावचे नऊ झाले होते, पैलगावचे सतरा. नवातले आठ हैबतीचे होते, पण त्या दिवशी ते कोणी मोजलं नाही.

त्या उन्हाळ्यात ऐलगावचा पाट महिनाभर कोरडा राहिला. वांग्यांची फुलं गळाली. मिरचीची रोपं उभ्याउभ्या वाळली. बायका नदीतल्या डबक्यांतून घागरी भरून वाफ्यांना पाणी घालत, आणि त्यांच्यात हैबतीची आईही होती. तिसऱ्या फेरीला ती बांधावर टेकली तेव्हा हैबतीने तिच्या हातातली घागर घेतली. गाव बोलू लागलं होतं: हैबतीचा हात गेला.

हैबतीने घरामागे खांब रोवला आणि दहा वेळा चेंडू टाकला. दहाही वेळा तो टोपलीतून पडला. दुसऱ्या दिवशी वीस वेळा टाकला. एकच चुकला. मग तो खांबाखाली बसून राहिला. हात कुठे गेला नव्हता. मग गेलं काय होतं?

या प्रश्नाने त्याला चार दिवस जेवण गोड लागू दिलं नाही. पाचव्या दिवशी त्याने नदी ओलांडली.

पैलगावात घाणा चालू होता. बैल फिरत होता आणि सटवाजी करडई ढकलत होता. हैबतीला पाहून त्याने बैल थांबवला नाही. "बस," एवढंच म्हणाला.

हैबती बसला.

"सटवाजीदादा," तो म्हणाला, "तू खेळात काय करत होतास?"

सटवाजी थांबला. "पाच वर्षं शेजारी खेळलास. आज विचारतोस?"

"आज कळलं की मला ठाऊक नाही."

सटवाजीने हात पुसले. तो हैबतीच्या समोर येऊन बसला. "चेंडू टाकण्याआधी तू डावं कोपर अंगाशी ओढतोस. मग एक श्वास घेतोस. तेवढ्या वेळात कोणी तुझ्यापाशी आलं, तर तुझा चेंडू चुकतो. तो एक श्वास मी तुला देत होतो. तुझ्यावर धावून येणारा माझ्यावर आपटायचा. माझी ही बरगडी दर चैत्रात काळीनिळी व्हायची."

"मला वाटायचं, तू नुसता उभा असतोस."

"नुसताच उभा असायचो. कुठे उभं राहायचं, एवढंच काय ते."

तोवर बिराही माळावरून आला होता. हैबतीने त्यालाही तेच विचारलं. बिरा जरा लाजला. "चेंडू काठाला लागल्याचा आवाज असतो बघ. जाड आला तर तो लांब पडतो, बारीक आला तर खांबापाशी. आवाज आला की मी धावायचो. तू एकदा चुकलास की तुला दुसऱ्यांदा मिळायचा, तो असा. लोक म्हणायचे, हैबती चुकतच नाही."

पाच वर्षं ज्याला हैबती आपलं नशीब समजत होता, ते नशीब घोंगडी पांघरून समोर बसलं होतं.

पाटलीणबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते कोणालाच कळलं नाही. त्या म्हणाल्या, "पाच वर्षं सगळे तुझ्याकडे बघत होते, हैबती. मीही बघायचे. तुझ्यासारखा हात मी जन्मात पाहिला नाही. पण पाचव्या वर्षी मी ठरवलं, आज तुझ्याकडे बघायचंच नाही. तेव्हा मला ही दोघं दिसली."

हैबती उठला आणि सटवाजीच्या पाया पडला. "चावडीवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. परत चला. गावाला मी सांगतो."

सटवाजीने त्याला उठवलं. "राग नाही आता. पण येणार नाही. इथे आल्यावर पहिल्या दिवशी मला विचारलं, सटवाजी, घाणा कोणत्या अंगाला लावू? खेळाच्या आधी विचारलं, कसं उभं राहू? माणसाला विचारलं की तो मुळं धरतो. माझी पोरं इथे रुळली."

"मग मला शिकव," हैबती म्हणाला. "उभं कसं राहायचं ते."

बिरा चमकला. सटवाजीने पाटलीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "विद्या मागणाऱ्याला आमच्या गावात नाही म्हणत नाहीत."

"शिकवतो," सटवाजी म्हणाला. "पण पुढच्या चैत्रात तुझ्याच समोर उभा राहीन, आणि तसूभर सरकणार नाही."

"सरकू नकोस," हैबती म्हणाला.

वर्षभर हैबती दर बाजारच्या दिवशी नदीपार जात राहिला. पावसाळ्यात पूर असे तेव्हा भिवा त्याला नावेतून नेई. त्या फेऱ्यांत पहिल्यांदाच हैबतीने भिवाला विचारलं, तुला खेळताना काय दिसतं? भिवा उभा वारा कापत नाव नेणारा माणूस; चेंडू वाऱ्यावर कसा वाहतो ते त्याला बसल्याजागी कळे. नामा कुंभाराचा हात चाकावर घट्ट झालेला. तो खांबाच्या उजव्या अंगाने दहातले सात चेंडू टाकतो, हे पाच वर्षांत कोणालाच कळलं नव्हतं, कारण त्याला कोणी चेंडूच दिला नव्हता. दोन्ही पैलवानांना हैबतीने वाळूत उभं केलं आणि स्वतः त्यांच्यावर धावून जाऊन आपटला, ते पाय रोवायला शिकेपर्यंत.

पुन्हा चैत्र आला. त्या दिवशी दोन्ही काठांनी जो खेळ पाहिला, तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. हैबतीला चेंडू मिळाला की पैलगावचे तिघं त्याच्यावर धावत, आणि तोवर चेंडू नामाकडे गेलेला असे. भिवा वारा बघून सांगे, थांब. वारा पडला की सांगे, टाक. बिरा काठाचा आवाज ऐकून धावायचा, पण आता एक पैलवानही तोच आवाज ऐकून धावत होता. शेवटची घटका बुडत आली तेव्हा दोघांचे तेरा तेरा झाले होते.

चेंडू हैबतीच्या हातात आला. ऐलगावचा सगळा काठ उभा राहिला. त्याने डावं कोपर अंगाशी ओढलं. पैलगावचे गडी झेपावले. हैबतीने चेंडू उजवीकडे नामाला दिला आणि स्वतः नामाच्या पुढे जाऊन पाय रोवले. नामाला अडवायला सटवाजी धावून आला आणि सगळ्या भाराने हैबतीवर आदळला. हैबतीची बरगडी कळवळली, पण पाय हलले नाहीत. नामाने एक श्वास घेतला आणि चेंडू टाकला.

चेंडू टोपलीतून पडला, आणि लगेच घटिकापात्र बुडालं.

सटवाजी आणि हैबती दोघंही वाळूत पडले होते. सटवाजी धापा टाकत म्हणाला, "पाय चांगले रोवलेस." हैबतीला बरगडीच्या कळेने नीट हसताही येईना, पण आजवरच्या कुठल्याही कौतुकाने तो इतका सुखावला नव्हता.

त्या दिवशीच्या चौदातले हैबतीचे पाच होते. ऐलगावाला पहिलं पाणी मिळालं. नामाच्या बायकोचा वांग्यांचा वाफा सगळ्यात आधी भिजला, आणि ती पाटाच्या कडेला बसून कितीतरी वेळ ते पाणी बघत राहिली.

पुढे ऐलगाव कधी जिंकलं, कधी हरलं. हैबती म्हातारा झाल्यावर पोरांना खेळ शिकवू लागला. पहिले दोन महिने तो कोणाला टोपलीकडे चेंडू टाकूच देत नसे. आधी दुसऱ्यासाठी उभं राहायला शिकवी. आणि त्या गावातून पुन्हा कुठल्याही माणसाला त्याचं काम विचारल्याशिवाय कोणी जाऊ दिलं नाही.

ऐकणाऱ्याने गाठीला बांधायचं ते एवढंच: नाव एकाचं होतं, पण यश सोबत्यांच्या बळावर उभं असतं; म्हणून सोबत्यांचं मोल ते गेल्यावर नाही, ते जवळ असतानाच ओळखावं.