पायांच्या वर

महाराजांच्या पायांना हात लावायचा. पायांच्या वर कधीच नाही. का, ते विचारायचं नाही.

शर्वरी मठात आली त्याच दिवशी गोविंदबुवांनी तिला हे बजावलं होतं. बुवा सगळ्यात जुने शिष्य.

आज पाद्यपूजा चालू असताना तिनेच विचारलं, "महाराज, ती गाठ दुखते का?"

महाराजांची कफनी खांद्यावरून घसरली होती. गळ्याच्या हाडावरच्या खळगीत सुपारीएवढा उंचवटा दिसत होता.

"नाही," महाराज म्हणाले.

"झालं समाधान?" बुवांनी ताम्हन पुढे सरकवलं. "दुखत नाही म्हणतात. पाणी घाल."

"दुखत नाही म्हणूनच विचारते, बुवा. महाराजांच्या टाचेत काटा गेला तेव्हा जांघेत गाठ सुजली होती, अवधाण आलं होतं. ते ठणकत होतं. काटा निघाला, तसं बसलं."

"आपल्या गूळ-चुन्याने बसलं."

"बरं, गूळ-चुन्याने. पण ही गाठ कशाची? ना जखम, ना घसा धरलाय, ना दाढ. आणि दोन महिने वाढतेच आहे."

बुवांनी ताम्हन आणखी पुढे सरकवलं.

"पहाटे अंथरूण घामाने ओलं असतं, मीच वाळत घालते. कफनी बघा किती सैल झाली."

"तप म्हणतात त्याला," कोपऱ्यात बसलेले दुसरे शिष्य, बापूकाका म्हणाले. "कॉलेजात शिकवत नसतील."

"नाही शिकवत. माणूस असा वाळायला लागला तर डॉक्टरकडे न्यायचं, एवढं शिकवतात."

महाराज हसले.

"पोरी, देह जायचाच आहे..."

"मग काटा कशाला काढून घेतलात?"

बापूकाकांनी कपाळावर हात मारला.

महाराजांनी रुद्राक्षांची माळ बाजूला केली आणि मान कलती केली.

शर्वरीने ओला हात पदराला पुसला आणि दोन बोटं गाठीवर ठेवली.

"शर्वरी!" बुवा उठून उभे राहिले.

"काय लागतं हाताला?" महाराजांनी विचारलं.

"कठीण आहे. अवधाणासारखी बोटाखाली सरकत नाही. घट्ट बसलीय."

"म्हणजे वाईट?"

"माहीत नाही. साधीही असेल. डॉक्टर सुई घालून तपासतील, तेव्हा कळेल. पण आजच जायचं."

"आधी हात काढ," बुवा म्हणाले.

"नाही काढणार."

"मठाचा नियम आहे."

"असू दे. गाडी सांगितल्याशिवाय हात काढणार नाही. मग मठातून काढायचं तर काढा मला."

बुवांनी बापूकाकांकडे पाहिलं. बापूकाकांनी खाली ताम्हनाकडे...



महाराजांनी डोळे मिटले.

"बुवा," ते म्हणाले, "गाडी सांगायच्या आधी तुमचाही हात आणा इकडे."