काबरीने निवडलेली पिकअप

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली, म्हणजे त्या दिवशी मी गावात नव्हतो.

गाड्यांना वाचा होती तेव्हा बिरूतात्या काबरी शेळीला बाजारात विकायला निघाले. नाक्यावर दोन दांडग्या पिकअप उभ्या होत्या.

"तात्या, माझ्यात चढवा," लाल पिकअप म्हणाली. "आजवर इतकी शेरडं नेली, एकही परत आणावं लागलं नाही!"

काबरीने कान टवकारले. एकही नाही?

पांढरी ओशाळली. "माझं नशीबच फुटकं. कालच दोन परत आणली."

काबरीने थेट पांढरीत उडी मारली.

"अगं बये, तिचा मागचा फाळका मोडलाय!" तात्या ओरडले. पण काबरी हलेना. संध्याकाळी ती त्याच गाडीतून परत आली.

आता कबूल करतो. गाड्या बोलल्या, ते खरंच. काबरी परत आली, तेवढं मी रचलं.