अर्ध्या पाटावरची गुरू

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण डोंगराच्या पायथ्याच्या पाठशाळेत काय घडलं, ते अजून सांगितलं जातं. तर ऐका.

त्या पाठशाळेचे थोरले गुरुजी व्याकरणाचे मोठे जाणकार होते. माणूस भला, पण एक खोड होती. काही दिसलं की विचारायचं. सुताराला विचार, रंध्याची धार कशी कळते. स्वयंपाकिणीला विचार, मीठ आधी का नंतर. लोक कंटाळायचे, पण गुरुजींना उत्तर मिळाल्याशिवाय जेवण गोड लागत नसे.

गावात घोंगडी विणणाऱ्यांची वस्ती होती आणि पाठशाळेतली बरीचशी मुलं त्यांचीच. दर पौषात घाटाखाली जत्रा भरे. वर्षभर विणलेली घोंगडी तिथे जात. खालच्या मुलखातला एक दलाल येई, ढिगाकडे नुसता डोळा टाकी, म्हणेल तो भाव देई आणि सगळा माल उचलून नेई. विणकर हातात पडेल ते घेऊन मुकाट्याने घरी येत.

एका वर्षी जत्रेनंतर विणकरांचा म्होरक्या पाठशाळेत आला. त्याने गुरुजींना नमस्कार केला आणि बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"गुरुजी, माझी लेक तीन वर्षं तुमच्याकडे शिकते," तो म्हणाला. "श्लोक म्हणते, ग्रहांची नावं सांगते. पण जत्रेत गिऱ्हाईक समोर आलं की मान खाली घालते. आम्ही ठरवलंय. येत्या जत्रेत पोरांनी आपला माल आपण विकून दाखवावा. नाही जमलं, तर सगळी पोरं मागावर बसवणार."

एवढं बोलून तो गेला. गुरुजी हिशेब करू लागले. विणकरांची मुलं गेली की उरणार किती? दहा-बारा. तेवढ्यांसाठी पाठशाळा कोण चालवणार? दाराला कुलूपच लागायचं.

पाठशाळेचा कारभार पाहणाऱ्या गावच्या पंचांनी दवंडी पिटवली. व्यापार शिकवणारा गुरू हवा. मान मिळेल, घर मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल. अट एकच, पाठशाळेच्या जुन्या नियमाप्रमाणे त्याने पाठशाळेतच राहायचं आणि दुसरा उद्योग करायचा नाही.

आता गंमत बघा. गुरू निवडायचा होता थोरल्या गुरुजींनी, आणि त्यांना व्यापारातलं ओ का ठो कळत नव्हतं. जन्मभर त्यांनी विकणारा मागेल ते दिलं होतं. जे आपल्याला येत नाही, ते दुसऱ्याला येतं की नाही हे ओळखायचं कसं? चार दिवस त्यांना दुसरं काही सुचेना. शेवटी त्यांनी ठरवलं की आपल्याला खरंच पडलेला एकच प्रश्न येईल त्याला विचारायचा.

पहिला आला तो एक बडा शेठ. चाळीस बैलांचा तांडा, बोटाबोटात अंगठ्या. सकाळभर तो आपण कसे मोठे झालो ते सांगत होता. गुरुजींनी विचारलं, "माल विकला गेला नाही, तर काय करावं?" शेठ म्हणाला की आपल्या बाबतीत तसं कधी घडलंच नाही.

मग एक पंडित आले. व्यापारावरचे सात ग्रंथ त्यांना तोंडपाठ. तोच प्रश्न ऐकून त्यांनी डोळे मिटले, सातही ग्रंथ मनातल्या मनात धुंडाळले आणि म्हणाले की उत्तम व्यापाऱ्याची लक्षणं सांगितली आहेत, न विकलेल्या मालाची नाहीत.

तिसऱ्या दिवशी दारात एक कासारीण येऊन उभी राहिली. म्हाळसा तिचं नाव. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर बांगड्यांची टोपली. पाच गावांचे पाच बाजार ती एकटी करायची. पंचांना वाटलं, बांगड्या भरायला आली असेल. पण ती सरळ गुरुजींच्या समोर बसली, टोपली खाली ठेवली आणि तो प्रश्न ऐकून खुदकन हसली.

"तेच तर रोज करते मी," ती म्हणाली. "विकलं जातं ते काही शिकवत नाही, गुरुजी. उरतं ते शिकवतं."

गुरुजी सावरून बसले. त्यांनी आणखी दहा प्रश्न विचारले. त्यातल्या चारांना तिने उत्तरं दिली आणि सहांना म्हणाली, "माहीत नाही, विचारून येते." पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाठशाळेच्या भिंतींनी असं वाक्य गुरूच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

वर तिने अटही घातली. पाच दिवस बाजार, म्हणून येणार फक्त दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी. पंच भडकले. नियम म्हणजे नियम, ते म्हणाले. म्हाळसा शांतपणे म्हणाली, "चरायला सोडायची नाही आणि दूध मात्र रोज हवं, अशी गाय तुम्हाला हवी असेल, तर दुसरी बघा."

गुरुजींनी हट्ट धरला आणि ती नेमली गेली. पण पंचही काही कच्चे नव्हते. बाकीच्या गुरूंना बसायला अख्खा पाट, मग दोन दिवस येणारीला अख्खा कसा द्यायचा? त्यांनी सुताराला बोलावून एक चांगला पाट मधोमध कापवला आणि अर्धा तिला दिला. बाकीचे गुरू तिला अर्धी गुरू म्हणू लागले. ती त्या अर्ध्या पाटावर कशीबशी बसायची आणि म्हणायची, बरंय, उठायला सोपं जातं.

शिकवण्याची तिची तऱ्हा मोठी अजब. आली की टोपलीतला उरलेला माल मुलांसमोर पसरायची आणि विचारायची, हे का उरलं? बस्स. मग मुलं डोकं खाजवायची.

एकदा तिने चाळीस हिरव्या बांगड्या मांडल्या. चकचकीत, एकीलाही टवका नाही. कुंभारांच्या गावात एकही खपली नव्हती. कुणी म्हणालं रंग आवडला नसेल, कुणी म्हणालं भाव जास्त असेल. गुरुजी मागे भिंतीला टेकून बसले होते, त्यांनाही राहवेना, तेही अंदाज सांगू लागले. म्होरक्याची लेक त्या बांगड्या हातात घेऊन बघत होती. मग तिने विचारलं, त्या गावातल्या बायका दिवसभर काय करतात?

म्हाळसाने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या बायका चिखल मळतात. काचेची बांगडी चिखलात टिकत नाही, त्या लाखेचीच घालतात. "मी बांगडीचा रंग बघितला," ती म्हणाली, "बाईचा हात बघितला नाही. चुकले."

त्या दिवसापासून मुलांना जणू नवे डोळे फुटले. गाडीवान घोंगडं कशाला घेतो? धनगर आखूड का मागतो? जे म्हाळसाला ठाऊक नसे, ते ती पुढच्या बाजारात विचारून यायची. गुरुजींना तर शुक्रवारची वाट बघवत नसे. भाजीवाली कारली खाली आणि वांगी वर का ठेवते, हे विचारायला ते बाजारात तासभर उभे राहिले आणि शेवटी तिने त्यांना हाकललं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. घोटाळा केला तो गुरुजींनीच, आणि तोही चांगुलपणातून.

श्रावणात एकदा म्हाळसा भिजत, लंगडत आली. गुडघे सुजले होते. गुरुजींचा जीव कळवळला. इतकी गुणी बाई, तिला असं उन्हापावसात का फिरायला लावायचं? त्यांनी पंचांना गळ घातली. पंचांनाही आता तिचं कौतुक होतं. तिला अख्खा पाट द्यायचा, राहायला घर द्यायचं, खांद्यावर शाल घालायची आणि सातही दिवस पाठशाळेत ठेवायचं असं ठरलं.

म्हाळसा आधी नाही म्हणाली. पण गुडघे ठणकत होते. शिवाय शाल अंगावर घातल्यावर सगळी पाठशाळा उठून उभी राहिली. आयुष्यभर लोकांनी तिला ए कासारणी, इकडे ये, एवढंच म्हटलं होतं. तिचे डोळे भरून आले. तिने टोपली जावेला देऊन टाकली.

मग काय झालं? सुरुवातीच्या दिवसांत काहीच नाही. तिने जुन्या बाजारांच्या गोष्टी सांगितल्या, मुलांनी ऐकल्या. हळूहळू ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे देऊ लागली. मुलं उतरवून घेऊ लागली, पाठ करू लागली. बाकीचे गुरू म्हणाले, आता कुठे ही खरी गुरू शोभते. विणकरांनीही तिचा शब्द प्रमाण मानला. तिने सांगितलं, गाडीवानांना जाड, लांब, काळं घोंगडं लागतं, तेव्हा घरोघरी मागावर तेच चढलं.

गुरुजी नेहमीसारखे मागे बसत. पण एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पेंग येते आहे. ते स्वतःवरच चकित झाले. म्हाळसाच्या तासाला आपल्याला झोप? त्यांनी विचार केला आणि त्यांना दिसलं की कित्येक आठवड्यांत "माहीत नाही, विचारून येते" हे वाक्य कानावर पडलेलं नाही. जत्रेला तेव्हा एक महिना उरला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलांना सांगत होती की गाडीवान घाटमाथ्यावर उघड्यावर मुक्काम करतात, म्हणून त्यांना जाडच घोंगडं हवं. गुरुजींनी हात वर केला.

"बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाडीवानांनीच."

"कधी?"

सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. "गेल्या उन्हाळ्यात," ती म्हणाली.

तिने शाल काढून घडी केली, पाटावर ठेवली आणि तशीच दुखत्या गुडघ्यांनी घाटाकडे निघाली. तिसऱ्या दिवशी परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पावसाळा सरताच घाटमाथ्यावर कुणा दानशूराने धर्मशाळा बांधली होती. भिंती, छप्पर, मधोमध शेकोटी. गाडीवान आता उघड्यावर झोपतच नव्हते. जाड घोंगड्याचं ओझं त्यांना नको होतं. त्यांना हवं होतं ते गाडी हाकताना खांद्यावर टाकायला आखूड, हलकं घोंगडं.

आणि वस्तीत घरोघरी जाड घोंगड्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. आता ती उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. उरलेल्या लोकरीतून महिनाभरात जमतील तेवढी आखूड घोंगडी विणली गेली. मागांना उसंत नव्हती, पण थप्प्या काही कमी होणार नव्हत्या.

जत्रा भरली. मुलं मालापाशी बसली आणि यंदा कुणाची मान खाली नव्हती. येणाऱ्याला ती विचारत होती, कुठून आलात, कुठे निघालात, घोंगडं कशाला हवंय. आखूड घोंगडी दुपारच्या आत संपली, आणि दलालाला त्यांच्यातलं एकही मिळालं नाही. पण जाड घोंगड्यांचा ढीग संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा होता. दलाल हसत आला आणि त्याने मातीमोल भाव सांगितला. म्होरक्याच्या लेकीने त्याला नको म्हटलं आणि ढीग गाडीत चढवला. वर्षाची बरीचशी मेहनत परत घरी निघाली.

विणकर गोळा झाले. म्होरक्याचा चेहरा लालबुंद झाला होता. म्हाळसा पुढे झाली आणि म्हणाली, चूक माझी, मी न विचारता सांगितलं. गुरुजी तिच्या पुढे येऊन उभे राहिले.

"चूक माझी आहे. यांना बाजारातून उठवून पाटावर मी बसवलं."

पाठशाळेचं काय होणार, हे आता म्होरक्याच्या जिभेवर होतं. त्याने गाडीतल्या ढिगाकडे पाहिलं, मग आपल्या लेकीकडे. ती एका म्हाताऱ्या धनगराशी बोलत होती, बाजार उठला तरी त्याला काहीतरी विचारतच होती.

"पोरं पाठशाळेतच राहतील," तो शेवटी म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो, गुरुजी. ही बाई आठवड्यातून दोनच दिवस तिथे दिसली पाहिजे. तिसऱ्या दिवशी दिसली, तर पोरं काढून नेईन."

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी परत जाताच पंचांना बसवून जुना नियम पुसून टाकला. वैद्यकाच्या गुरूंना आठवड्यातले काही दिवस आजाऱ्यांच्या घरी धाडलं, ग्रहताऱ्यांच्या गुरूंना शेतकऱ्यांच्या बांधावर. ते कुरकुरले, पण गेले. म्हाळसाला बाजारांना जायला-यायला बैलगाडी दिली. आणि व्याकरणाचे थोरले गुरुजी दर बुधवारी बाजारात जाऊन बसू लागले, लोक खरोखर कसं बोलतात ते ऐकायला. पहिल्याच बुधवारी त्यांना असे तीन शब्द मिळाले, जे त्यांना ठाऊकच नव्हते.

तात्पर्य : ज्याचं स्वतःचं शिकणं थांबलं, त्याच्याजवळ शिकवायला फक्त कालचंच उरतं.