पांढऱ्या रश्श्याचा रंग

"आणखी तांबडा करू का, चाचा?"

इंद्रजितनं पडद्यावरची नजर न हलवता विचारलं. पडद्यावर ताट होतं. भाकरी, सुकं मटण, एक वाटी तांबडा रस्सा, एक वाटी पांढरा. कोल्हापुरातल्या एका खाणावळीची जाहिरात. चित्रण उरकलं होतं, आता कलर ग्रेडिंग, म्हणजे रंग जुळवणं, तेवढं राहिलं होतं.

दस्तगीरचाचांचा जन्म याच कामात गेलेला. खाणावळीच्या मालकीणबाईंना हे पसंत पडलं तर पुढची कामं इंद्रजितनं एकट्यानं करायची, असा चाचांनी शब्द दिला होता. पोराला आपल्या डोळ्यांचा भारी तोरा. डोळे चांगलेच होते, उगाच नावं कशाला ठेवा.

"तुला काय वाटतंय?" चाचांनी विचारलं.

"तवंग पेटायला पाहिजे."

"पेटव की मग."

त्यानं पेटवला.

"आता?"

"अजून जरा…"

चाचा उठले. त्यांनी इंद्रजितची खुर्ची धरली आणि त्याच्यासकट भिंतीकडं फिरवली. रंगाच्या खोलीतली भिंत, राखाडी. तिच्यावर खिळासुद्धा नव्हता.

"बघ."

"काय बघू? काहीच नाही हितं."

"तेच बघ."

इंद्रजितचे कान तापले. शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखं वाटलं त्याला. चाचा मात्र निवांत चहा पीत बसले. चहा संपला. कप विसळून झाला. पोरगं भिंतीकडं बघतच होतं…

मग चाचांनी खुर्ची परत फिरवली.

"अगं आई! पांढरा रस्सा गुलाबी झालाय!"

"व्हय."

"मघाशी नव्हता."

"मघाशी पण होता. तुझे डोळे तांबड्याला सरावले होते."

इंद्रजितनं तांबड्याला हात न लावता आधी पांढरा रस्सा पांढरा केला. मग भाकरी, मग वाढणाऱ्या बाईचे हात. तांबडा सगळ्यात शेवटी, आणि तोही उतरवत आणला. काम करताना तो गुणगुणायला लागला होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी मालकीणबाई आल्या, सुलोचनाआक्का. पदरानं मान पुसत बसल्या. जाहिरात सुरू झाली, संपली.

"दिवसभर ताटं वाढून माझी अन्नावरची वासनाच उडती रं," आक्का म्हणाल्या. "आज भूक लागली बघ. हीच लावा. आणि चला, दोघंबी जेवायलाच चला."

त्या जिना उतरून गेल्यासुद्धा. इंद्रजितला आनंद झाला होता, पण कुठंतरी खुपतही होतं.

"चाचा, पसंत पडली खरी. पण… रंगाचं एक अक्षर बोलल्या नाहीत."

चाचा पायात चपला सरकवत होते.

"मीठ बरोबर पडलं, तर पंगतीत कुणी मिठाचं नाव काढतंय व्हय?"